आधी उलटं कर

"आधी उलटं कर."

भाजीवालीनं टोपली पुढे केली की आक्का हे म्हणणार. कल्हईवाला पातेलं चकचकीत करून घेऊन आला तर ते आतून न बघता पालथं घालणार. कुंभाराचं मडकं असो, चांभाराची चप्पल असो, दिवाळीची पणती असो, आक्कांच्या हातात वस्तूचं बूड आधी आणि तोंड मागून. "वरून समदं गोडच असतंय," हे वर ऐकवायच्या. भिंगारच्या आमच्या गल्लीत त्यांना फसवणारा दुकानदार अजून जन्मायचा होता, आणि जन्मला असता तर आक्कांनी त्यालाही पाय वर करून पाहिलं असतं.

त्यांचं नाव मी सांगणार नाही. त्यांनाच ते चाललं नसतं. खानेसुमारीचे मास्तर दारात येऊन बसले होते तेव्हा नवऱ्याचं नाव आक्कांनी रिवाजाप्रमाणे घेतलं नाही, आणि स्वतःचं तर त्याहून नाही. "सरकारला माजं नाव कशाला पायजे? काय काम काढलंय त्यांनी माज्याकडं?" मास्तर चहा पिऊन गेले. त्यांनी कागदावर काय लिहून नेलं ते त्यांनाच माहीत. गल्लीत लहानथोर सगळ्यांच्या त्या आक्का होत्या. नवरा छावणीच्या बागेत माळी, बोलायला अगदी कमी. मुलं पाथर्डीकडे गावी शेती बघायची.

अशी एखादी बाई तुमच्याही ओळखीत असेल. दूधवाल्याच्या किटलीत बोट बुडवून ते उन्हात धरून बघणारी, रेशनच्या दुकानात पोतं हलवून खालची तांबडी ज्वारी वर काढायला लावणारी. दुष्काळाच्या त्या वर्षी रेडिओवर पाऊस येणार म्हणून सांगितलं की गल्लीत चार माणसं आभाळाकडे बघायची. आक्का रेडिओकडे बघायच्या. "ह्यो मानूस पुन्यात बसून बोलतोय. त्याला हितलं आभाळ दिसतंय व्हय?" पाऊस आला नाही. आक्कांचा संशय असा बऱ्याचदा खरा ठरायचा, आणि त्यामुळे तो वाढत जायचा.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय आक्का कळणार नाहीत.

मला आई नव्हती. त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी न होता सासरी, तिसगावला झालं. मुलगा झाला. सव्वा महिना पुरा होतो न होतो तोच एका सकाळी मी जागी झाले आणि माझ्या कुशीतलं मूल मला गार लागलं. त्यापुढचं लिहीत नाही. सासूबाई तोंडावर मला काही बोलल्या नाहीत. भेटायला येणाऱ्या बायकांना मात्र पदराआडून सांगायच्या, "सूनबाईची झोप लई जड हाय." एवढंच. बायका मान हलवायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि पुन्हा मान हलवायच्या. मला त्यांचा राग येत नव्हता. मलाही तेच वाटत होतं. झोपेत काय झालं ते झोपलेल्या माणसाला कुठून कळणार?

पुढे यांना भिंगारला लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपरची नोकरी लागली आणि आम्ही त्या गल्लीत बिऱ्हाड केलं. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी मनाशी एकच ठरवलं. या मुलाला माझ्या अंथरुणात घ्यायचं नाही. लांबही ठेवायचं नाही, कारण त्याचा श्वास ऐकू आला नसता तर मी वेडी झाले असते. यांनी डेपोच्या साहेबांच्या बंगल्यात एक छोटी कॉट पाहिली होती. तीन बाजूंना उभे गज, चौथी बाजू खाली सरकवायची आणि कॉट आईच्या पलंगाला चिकटवून ठेवायची. मूल हाताच्या अंतरावर, पण आपल्या जागेत. ते ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं.

कारण काय सांगायचं? मी विंचवाचं सांगितलं. भिंगारच्या दगडी घरांत विंचू निघायचे, ते काही खोटं नव्हतं.

"इचवासाठी पाळना पुरं की," आक्का म्हणाल्या. "पाळना टांगल्याला असतोय. इचू काय उडत येतोय? मंग खाटंला चिटकून खाट कशाला पायजे?"

आक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मडक्याचं बूड बघताना त्यांचे डोळे बारीक व्हायचे, तसे झाले होते. दुसऱ्या दिवशी त्या पदर खोचून दारात हजर. "चला, मीबी येते. तुमा दोगांना कुनीबी गंडवंल."

यांना ते आवडलं नाही. पण खरं सांगायचं तर यांना कुणीही गंडवू शकत होतं.

आधी यांच्या आग्रहानं बाजारातल्या सुताराकडे गेलो. हिरव्या रंगाचा, राघू-मैना लटकवलेला छान पाळणा होता. आक्कांनी तो उलटा करायला लावला. मग कडीपाशी बोट फिरवलं.

"नवा हाय?"

"कोरा आहे, आक्का. रंगसुद्धा सुकला नाही अजून."

"मंग हितं कडीनं घासल्याली खून कशाची?"

सुतारानं कडीवर हात ठेवला. पाळणा जुना होता, दुरुस्त करून रंगवलेला.

"यात आदी कोन झोपत हुतं?" आक्कांनी विचारलं. "कुनाचं लेकरू? कुटं हाय ते आता?"

सुताराला ठाऊक नव्हतं. आक्कांनी पाळणा सोडून हात झटकले आणि निघाल्या. यात आधी कोण झोपत होतं, हा प्रश्न कुणी माझ्या पलंगाबद्दल विचारला असता तर मी काय सांगितलं असतं?

साहेबांची बदली झाली होती आणि त्यांच्या बाईसाहेब सामान काढून टाकत होत्या. म्हणून कॉट लगेच उचलावी लागणार होती. बंगल्याच्या व्हरांड्यात बाईसाहेबांनी कौतुकानं ती बाजू वर-खाली करून दाखवली. मला तर ती तिथेच मिठी मारून न्यावीशी वाटली. आक्कांनी ती उलटी करवली, चारही पाय ठोकले, गजांमधून मूठ घालून पाहिली. मग कमरेवर हात ठेवून सरळ बाईसाहेबांना विचारलं.

"बच्चा किदर हाय?"

"क्या?"

"इसमें जो सोता था वो बच्चा. दिखाव."

हे मागच्या मागे फाटकाकडे सरकायला लागले. साहेब लोकांच्या घरात असं बोलायची यांची रीत नव्हती. पण बाईसाहेब हसल्या आणि आत जाऊन त्यांनी चार-पाच वर्षांचा एक गुबगुबीत मुलगा आणला. तोंडाला जाम माखलेला. आक्कांनी त्याची पोटरी दाबली, दात पाहिले, पाठीवर थाप मारली. पोरगं खवळलं आणि त्यानं आक्कांना लाथ मारली.

"चांगला हाय," आक्का समाधानानं म्हणाल्या. "घ्या हा पिंजरा."

तेव्हापासून त्या कॉटचं नाव पिंजरा पडलं.

मूल व्हायच्या आधी त्याचा पाळणा घरात आणू नये असं म्हणतात. आणला तर रिकामा हलवू नये. आमच्याकडे तो बदलीमुळे दोन महिने आधीच येऊन पडला होता. आक्कांनी त्यावर उपाय काढला. बारशाला आपण वरवंट्याला टोपडं घालून आधी त्याला पाळण्यात घालतो की नाही? मग तो आत्ताच घालायचा. पिंजरा रिकामा राहात नाही आणि त्याची परीक्षाही होते. त्यांनी माझा वरवंटा धुतला, दुपट्यात गुंडाळला, बाजू वर करून खिटी लावली आणि कॉट गदागदा हलवली.

"अहो आक्का, मिलिटरीचा माल आहे," हे चहा पिता पिता म्हणाले. "हत्ती झोपवला तरी—"

वरवंटा गडगडत कडेला गेला, खिटी निसटली, बाजू धाडकन खाली आली आणि वरवंटा फरशीवर. शहाबादी फरशीचा टवका उडाला. तो खड्डा आम्ही ते घर सोडेपर्यंत तिथे होता. यांनी कपबशी खाली ठेवली. मी पोटावर हात धरून उभी होते. आक्कांनी आपल्या जुन्या लुगड्याचा काठ टर्रकन फाडला आणि बाजू वरच्या गजाला बांधून टाकली. गाठ अशी, की सोडायची असेल तर दोन्ही हात लागावेत.

मुलगी झाली. नगरच्या दवाखान्यातून घरी आले तेव्हा सासूबाई तिसगावहून येऊन थांबल्या होत्या. कॉटमध्ये गुंडाळलेला वरवंटा पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"बारशाच्या आदी वरवंटा? कुनी शिकवलं ह्ये?"

"मी," आक्का दारातून म्हणाल्या.

त्या दोघींचं पहिल्या क्षणापासून जमलं नाही. सासूबाई मुलीला उचलून माझ्या कुशीत ठेवायच्या, मी तिला पुन्हा कॉटमध्ये ठेवायचे. सासूबाई अडवायच्या नाहीत. त्यांनाही माझ्या कुशीची भीती होती असं मला वाटायचं. पण मग तिथे ठेवायच्या कशाला, हे मला कळायचं नाही.

सासूबाई गावी गेल्या आणि आक्कांचा फेरा सुरू झाला. रोज दुपारी त्या यायच्या. आधी गाठ तपासायच्या, मग मुलीच्या छातीवर हात ठेवायच्या, मग माझ्याकडे वळायच्या.

"राती झोपली हुतीस का?"

"हो."

"कंच्या कुशीवर?"

हे रोज. कधी दुपारी डोळा लागून उघडला तर खिडकीत आक्का उभ्या दिसायच्या, नुसत्या बघत. माझ्या जिवाची काय अवस्था व्हायची ते सांगता येत नाही. तिसगावची बातमी आक्कांपर्यंत आली आहे हे मला कळून चुकलं होतं. तिसगावच्या बाजाराला त्या अधूनमधून जायच्याच. ज्या बाईनं सुताराला सोडलं नाही, बाईसाहेबांना सोडलं नाही, ती मला कशाला सोडेल? एकदा मी सरळ त्यांच्या तोंडावर दार लावलं. दुसऱ्या दिवशी त्या मागच्या दारानं आल्या आणि विचारलं, "राती झोपली हुतीस का?"

मुलगी रांगायला लागली, उभी राहायला लागली. गजांना धरून माझ्याकडे हात करायची, पलंगावर घे म्हणून रडायची. शेजारणींची पोरं आयांच्या अंगावर पाय टाकून झोपायची. मी माझ्या मुलीला दिवसा कडेवर घ्यायची, मांडीवर घ्यायची, पण आडवं होऊन कधी जवळ घेतलं नाही. एकदासुद्धा नाही. ती रडून रडून पिंजऱ्यात झोपायची आणि मी गजांतून हात घालून तिच्या अंगावर ठेवायची. आईला आपल्या मुलाला कुशीत घ्यायची चोरी, यासारखी वाईट गोष्ट मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही.

दुष्काळ सरला, पाऊस झाला. आक्कांचे मालक पेन्शनीत निघाले आणि त्यांनी गावी परत जायचं ठरवलं. ते सामान घेऊन ट्रकमधून पुढे गेले. आक्का ट्रकमधून गेल्या नाहीत, ट्रकवाल्याचे डोळे त्यांना ठीक वाटले नाहीत. मागे राहून त्यांनी रिकामं घर स्वतः झाडलं आणि सकाळी पाथर्डीच्या एसटीला निघाल्या. मी मुलीला कडेवर घेऊन पोचवायला गेले. खरं सांगते, थोडं सुटल्यासारखं वाटत होतं.

थांब्यावर झाडाखाली आक्का त्यांच्या पत्र्याच्या पेटीवर बसल्या. पेटी सोडून बाजूला बसल्या असत्या तर कुणी उचलली असती ना. मुलगी त्यांच्या बांगड्यांशी खेळायला लागली.

"तुला एक सांगायचं हाय," त्या म्हणाल्या. "तुज्या पयल्या पोराचं."

मी मुलीला त्यांच्याकडून ओढून घेतलं.

"आईक तर. मला पयल्यांदा वाटलंच हुतं, तुज्याच अंगाखाली गेलं आसंल. खोटं कशाला बोलू? इचवाचं कारन दिलंस तवाच मला शंका आली. तुजी सासू परत गेल्यावर तिसगावच्या बाजाराला गेले, तिला गाठलं. ती म्हनली, झोप जड हाय. आता सासूच्या शब्दावर कोन जातंय? म्हनून सुइनीला हुडकलं. तर ती दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्ती, कुटं ते कुनाला ठावं न्हाई. ह्या खेपंला गावाकडं गेले तवा घावली."

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"पोर जल्मल्यापासनं नीट न्हवतं. व्हट निळं पडायचं त्याचं. दूद वडताना घामानं भिजायचं, दोन घोट घेतलं की दमायचं. तिनं तुज्या सासूला सांगितलं हुतं, नगरला दवाखान्यात दावा म्हनून. सासू म्हनली, सव्वा म्हयना होऊ दे, मंग बगू."

मला आठवलं. तो घामानं भिजायचा. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असते, मला वाटायचं त्या उबेनंच भिजतो. मी त्याचं अंगडं सारखं बदलायची.

"एकीच्या सांगन्यावर मी कवा भरवसा ठिवलाय?" आक्का पुढे म्हणाल्या. "त्याला न्हाऊ घालायची तिला इचारलं. तिसगावच्या तुमच्या शेजारनीला इचारलं. तिगींचं एकच. आन त्याच्याबी आदी वाटायचं, हिची झोप खरंच जड आसंल तर? म्हनून खिडकीतनं बगायची तुला. तू घोरत पडलीस तरी पोरीनं नुसतं हूं केलं की तुजा हात जायाचा तिच्याकडं. डोळं मिटल्यालं, आन हात जायाचा."

त्या पेटीवर नीट सरसावून बसल्या आणि माझ्याकडे त्या बारीक डोळ्यांनी शेवटचं बघितलं.

"तुलाबी उलटं करून बगितलं मी. काय निगालं न्हाई."

मला रडू आलं. रस्त्यावर, माणसांत. 'तुझी काही चूक नाही' असं हे मला किती वेळा म्हणाले होते. पण यांची माझ्यावर माया होती, आणि हे कशावरही विश्वास ठेवायचे, कॉटच्या त्या खिटीवरसुद्धा ठेवला होता. यांच्या म्हणण्यानं माझं मन कधी भरलं नाही. आणि ही बाई, जिनं रेडिओवर विश्वास ठेवला नाही, तिनं मला बघून, ठोकून, विचारून सोडलं होतं.

एसटी आली. वर पाथर्डीची पाटी होती, पण आक्कांनी कंडक्टरला विचारलं, मग ड्रायव्हरला, मग खिडकीतल्या एका म्हाताऱ्याला. तिघांचं एकच आलं तेव्हा त्या चढल्या. पेटी टपावर द्यायला ठाम नकार देऊन पायांत घेतली. गाडी हलता हलता त्यांनी खिडकीतून डोकं काढलं.

"ती खिटी बदलून घे. गाठीवर किती दिस भरवसा ठिवशील?"

त्यानंतर आक्का मला भेटल्या नाहीत. काही वर्षांनी त्या गेल्याचं कळलं तेव्हा त्यांचं खरं नाव पहिल्यांदा ऐकलं. ते मला त्यांचं वाटलंच नाही. सासूबाईंना मी शेवटपर्यंत काही विचारलं नाही. राग आला, आणि तो पुरता गेला असंही म्हणणार नाही. पण वरवंट्यापाशी कपाळाला हात लावलेला त्यांचा चेहरा आठवला की वाटतं, भीती त्यांनाही होती, फक्त ती माझ्या कुशीची नव्हती.

थांब्यावरून घरी आले तेव्हा दुपार झाली होती. मुलगी पेंगत होती. सवयीनं मी तिला कॉटमध्ये ठेवायला वाकले आणि तशीच थांबले. मग तिला पलंगावर ठेवलं. स्वयंपाकघरातून वरवंटा आणला, त्याला लागलेली चटणी धुवून काढली आणि तो कॉटमध्ये तिच्या दुपट्यावर ठेवला, कारण पिंजरा रिकामा ठेवायचा नसतो. मग मी मुलीशेजारी आडवी झाले आणि तिला कुशीत ओढलं. तिनं माझ्या अंगावर पाय टाकला. थोडा वेळ मी तिचा श्वास ऐकत होते, पुढचं आठवत नाही.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि मुलगी माझ्या बांगड्या तोंडात घालायच्या खटपटीत होती. शेजारी कॉटमध्ये वरवंटा शांत झोपला होता.